छातीतलं पाणी



तळीये, वरंध, बिरवाडी या भागात 'छातीत पाणी झालंय' असं आपण सहज म्हणतो. पण हे पाणी दोन वेगळ्या जागी साठतं आणि जागेप्रमाणे उपचार बदलतो.

पहिली जागा फुप्फुसाभोवतीची. तिथे दोन पदरांचा पातळ पडदा असतो, फुप्फुसावरण. एक पदर फुप्फुसाला चिकटलेला, दुसरा बरगड्यांना आतून. मध्ये चमचा-दोन चमचे द्रव. त्यामुळेच श्वासागणिक फुप्फुस न घासता सरकतं.

आतल्या पदराला वेदना कळत नाही, बाहेरच्याला चांगलीच कळते. म्हणून पडद्याला सूज आली की खोल श्वास घेताना, खोकताना कुशीत कळ मारते. पुढे पाणी साठतं, पदर एकमेकांपासून दूर होतात आणि कळ ओसरते. माणसाला वाटतं, उतार पडला. इकडे दम मात्र वाढत जातो. मला हा टप्पा फार धोक्याचा वाटतो, कारण इथेच लोक दवाखाना सोडतात.

दुसरं पाणी खुद्द फुप्फुसात. उदाहरणार्थ, लाल विंचवाच्या विषाने हृदयावर भयंकर ताण येतो आणि काही तासांत फुप्फुसं पाण्याने भरतात. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडमध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून तपासले, आणि प्राझोसिन या साध्या गोळीने जीव वाचतात हे जगाला दाखवलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. फुप्फुसातलं हे पाणी सुईने काढता येत नाही. तिथे औषधच हवं, तेही तातडीने.

पडद्यातलं पाणी मात्र दोन बरगड्यांमधून सुई घालून काढता येतं. आपल्याकडे त्यामागे बऱ्याचदा क्षयरोग असतो. 'एकदा पाणी काढलं की सारखं काढावं लागतं' ही समजूत खोटी आहे. पाणी पुन्हा भरतं ते मूळ रोग राहिल्यामुळे. क्षयाची औषधं साधारण सहा महिने घ्यावी लागतात, सरकारी केंद्रात ती मोफत मिळतात, आणि पोषणासाठी दरमहा १००० रुपये खात्यात जमा होतात.

तेव्हा संध्याकाळी बारीक ताप येत असेल, श्वास घेताना कूस दुखत असेल, तर महाडच्या सरकारी रुग्णालयात जाऊन छातीचा एक्स-रे काढून घ्या. दुखणं आपोआप थांबलं असेल, तरीही जा.