चिंताविकार : लवकर गुण देणारी गोळी आणि धीराने घ्यावयाचे औषध

साक्री किंवा शिरपूरकडचा एखादा शेतकरी ‘जीव घाबरस’ म्हणत धुळ्याच्या रुग्णालयात येतो. छातीत धडधड, हातांना कंप, झोप नाही; हृदयाचा आलेख मात्र निर्दोष. तो सोंग करीत नसतो. चिंताविकार हा आजार आहे व त्यावर उपचार आहेत.

अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या गोळ्यांनी तासाभरात आराम पडतो. मोहही त्यामुळेच पडतो. काही आठवडे नित्य घेतल्यास सवय जडते. मग एकाएकी थांबविल्यास झटकेही येऊ शकतात. दारूसोबत तर त्या जिवावर बेततात. २०१४ पासून या दोन्ही औषधांच्या विक्रीची नोंद तीन वर्षे जपणे दुकानदारावर बंधनकारक आहे.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांची रीत उलट. नशेची ओढ नाही. पण गुण दिसण्यास दोन ते सहा आठवडे लागतात आणि आरंभी मळमळ, क्वचित अस्वस्थताही वाढते. नेमके तेव्हाच रुग्ण औषध टाकतो. बुडालेली मजुरी व एसटीचे भाडे हीही कारणे असतातच. वास्तविक बरे वाटल्यावरही ते साधारणपणे सहा महिने ते वर्षभर घ्यावे लागते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे लागते. समुपदेशनाची जोड मिळाल्यास उत्तमच.

म्हणून शिक्षकाने वा पंचायत सदस्याने दुसऱ्या आठवड्यात अशा घरी जाऊन विचारावे, ‘गोळी चालू आहे ना?’ अडचण दिसल्यास टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्यासमोरच लावून द्यावा. ही सेवा २०२२ पासून विनामूल्य आहे.