हसताना कोणाला बाहेर ठेवू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बोलायला उभी राहिले खरी, पण पाय लटपटताहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करण्याचा माझा धंदा नव्हे. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "पाणी भरताना पेपरातल्या कार्टूनवर तुम्ही जे बोलता, तेच मंडळात बोला." तेव्हा वर्तमानपत्रांतील व्यंगचित्रांविषयी चार शब्द सांगते. विषय पोरकट वाटेल. पण ह्याच पोरकट नादाने आमच्या घरचे साडेपाच हजार रुपये बुडता बुडता वाचले. ते कसे, ते ओघाने येईलच.

माझे माहेर पवन मावळातले. 1991 सालच्या नोव्हेंबरात पुण्याच्या 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर ह्यांचा 'चिंटू' सुरू झाला, तेव्हा मी शाळेत जात होते. आमच्या घरी पेपर येत नसे. वाण्याकडून साखरेची किंवा डाळीची पुडी आली की ती मी हलक्या हाताने सोडवी. नशिबात असले तर त्यात चिंटू निघे. चिंटू, त्याचा दोस्त पप्पू, मिनी, राजू, बगळ्या अशी ती पोरे. कधी शेवटची चौकट नेमकी फाटलेली असे. मग ती माझी मीच मनाने पुरी करी. सातवीनंतर शाळा सुटली, पण हा नाद काही सुटला नाही.

लग्न होऊन भाज्याला आले. इथे घरी पेपर होता. मामंजी सकाळी मळवलीच्या स्टेशनावरून तो घेऊन येत. आधी ते वाचीत, मग आमचे हे, मग दीर. माझ्या हाती यायचा तो फळीवर अंथरण्यापुरता. त्यातला चिंटू मी वाची. पण आतल्या पानावर पुढाऱ्यांचे जे मोठे चित्र असे, ते मात्र मला उमगत नसे. लांब नाकाचा एक माणूस खुर्चीला घट्ट धरून बसला आहे, दुसरा त्या खुर्चीचा पाय कापतो आहे, ह्यात हसायचे ते काय? एकदा धीर करून मामंजींना विचारले. ते म्हणाले, "तुला काय करायचंय त्याच्याशी?" रागाने नव्हे, सहजच म्हणाले. पण मी पुन्हा विचारले नाही.

पुढे माझे मलाच कळले. चिंटूसारख्या मालिकेत तीन-चार चौकटी असतात. गोष्ट तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. शेवटच्या चौकटीत गंमत असते. राजकीय चित्राचे तसे नाही. त्याची पहिली चौकट कालच्या बातमीत असते. बातमी वाचली नसेल तर चित्र मुके. म्हणून मी चित्र पाहून मग बातमी शोधू लागले. खुर्ची म्हणजे सत्ता, हे कळले. ज्याचे नाक थोडे मोठे त्याचे ते हातभर काढायचे, म्हणजे नाव न लिहिता माणूस ओळखू येतो, हेही कळले. माझ्यासारखीला अग्रलेख जड जातो. पण चित्राचे बोट धरून मी बातमीपर्यंत गेले, आणि बातमीचे बोट धरून कधीमधी अग्रलेखापर्यंतही.

आता माझ्या सासूबाईंची गोष्ट. त्या आता नाहीत, पण त्यांना तुम्ही सगळ्या ओळखत होतात. त्यांना अक्षर येत नव्हते. एके दिवशी संध्याकाळी हे, दीर, मुले आणि मी असे सगळे एका कार्टूनवर पोट धरून हसत होतो. चित्रात एक जाडजूड सासू होती आणि दाराआड लपलेला जावई. सासूबाई निवडत असलेले तांदळाचे सूप खाली ठेवून उठून गेल्या. रात्री जेवल्या नाहीत. मी विचारले, तर म्हणाल्या, "मला कुणी सांगत न्हाई, आन् माझ्याकडं बघून हसता. म्हातारी झाले म्हून येडी न्हाई झाले."

मैत्रिणींनो, त्यांच्याकडे बघून कोणी हसले नव्हते. पण त्यांना कोणी सांगितलेही नव्हते. मामंजींनी मला जसे त्या चित्राच्या बाहेर ठेवले होते, तसेच मी त्यांना ठेवले. मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची भांडी झाली की पेपर घेऊन मी त्यांच्याजवळ बसू लागले. मला वाटले होते, मी शिकवणार आणि त्या शिकणार. झाले उलटेच. मी फुग्यातली अक्षरे लावीपर्यंत त्या चित्र वाचून मोकळ्या होत. "ह्या आईच्या हातात पाटी हाय, म्हंजी पोरानं अभ्यास न्हाई केला," असे म्हणत, आणि तेच निघे. मी विचारले, "आत्या, तुम्हाला हे कसं कळतं?" त्या म्हणाल्या, "गुरांमागं लेण्यात बसायचो ना. तिथं कुठं अक्षरं वाचायला लागतात?" खरेच आहे. आपल्या लेण्यांत दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या दगडावर रथात बसलेला सूर्य आहे, हत्तीवरचा इंद्र आहे, एक बाई वाद्य वाजवते आणि दुसरी नाचते. ते पाहायला शाळा लागत नाही. नीट टक लावून पाहावे लागते, इतकेच.

आणि आता ते साडेपाच हजार. 2016 च्या 8 नोव्हेंबरला रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या. घरात, ओट्यावर, दुकानात दुसरा विषय नव्हता. सासूबाई सगळे ऐकत होत्या, पण काळा पैसा, काळा पैसा असे कानावर पडे, तेव्हा त्यांना वाटे की हे मोठ्या लोकांचे प्रकरण आहे. काही दिवसांनी पेपरात एक कार्टून आले. बँकेपुढे वाकडीतिकडी रांग, आणि रांगेत डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी. सासूबाई हसल्या, मग थांबल्या. "ही कशाला हुबी ऱ्हायली? हिच्याकडं कुठला काळा पैसा?" मी सांगितले, "आत्या, हा काळ्याचा नि गोऱ्याचा प्रश्न नाही. जुनी नोट ज्याच्याकडे असेल त्याला बँकेत भरावी लागेल, नाहीतर तिचा कागद होईल." त्या काही न बोलता उठल्या आणि डाळीच्या डब्याच्या तळातून एक फडके घेऊन आल्या. पाचशेच्या अकरा नोटा! लेण्यांच्या वाटेवर उन्हाळ्यात करवंदे-जांभळे विकून एकेक करून जमवलेल्या. मुलालासुद्धा माहीत नव्हत्या.

मुदत 30 डिसेंबरपर्यंत होती. आम्ही दोघी बँकेत गेलो आणि त्या चित्रातल्यासारख्याच रांगेत उभ्या राहिलो. सासूबाई मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "बघ, त्यानं मला आधीच काढलं व्हतं." त्या दिवशी आम्ही दोघी रांगेत जितके हसलो, तितके कधी हसलो नसू. आदल्या वर्षांत मी त्यांच्याजवळ पेपर घेऊन बसले नसते, तर ते चित्रही त्यांच्याकडे न जाता फळीवर गेले असते, आणि नोटा डब्यातच राहिल्या असत्या.

ह्या नादापायी मी चित्रकारांचीही थोडी माहिती जमवली. शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रे काढीत, आणि त्यांनीच 1930 साली आपल्या बायकांसाठी 'स्त्री' मासिक काढले. आर. के. लक्ष्मण ह्यांनी 1951 पासून 'टाइम्स'मध्ये धोतर आणि चौकड्यांचा कोट घातलेला सामान्य माणूस काढला. तो सगळे पाहतो, पण बोलत नाही. लक्ष्मण 2015 च्या 26 जानेवारीला पुण्यात वारले. त्यांचा तो म्हातारा पाहिला की मला आपल्या बायका आठवतात. बोलत नाही म्हणजे कळत नाही, असे नव्हे! शि. द. फडणीस ह्यांनी 2025 च्या जुलैत वयाची शंभर वर्षे पुरी केली. त्यांच्या चित्रांना बहुधा शब्दच लागत नाहीत. 'मोहिनी' मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी एका तरुणीच्या साडीवर मांजरे आणि तिच्या शेजारच्या तरुणाच्या सदऱ्यावर उंदीर काढले होते. सासूबाईंना ते एका क्षणात कळले. मला दोन क्षण लागले.

एक तक्रारही करते. कार्टूनमधली बायको पाहा: हातात लाटणे, तोंडात शिव्या, नवऱ्याचा खिसा रिकामा. सासू म्हणजे वाघीण. मीही हसते, नाही म्हणत नाही. पण सासूबाई विचारीत, "हे बाप्यानं काढलंय का गं?" बहुतेक वेळा तसेच असे. बाईने काढलेली राजकीय चित्रे थोडी. माया कामत ह्यांनी बंगलोरच्या इंग्रजी पत्रात ती काढली. 2001 साली त्या गेल्या. आपल्या मुलींतून कोणी पुढे आली, तर लाटणे कोणाच्या हाती जाते ते पाहू! तोवर माझा एक साधा हिशोब आहे. चित्र पाहून हसू आले की मी विचारते, कोणाला हसले? जो वर खुर्चीत बसला आहे त्याला, की जो आधीच खाली पडला आहे त्याला? पहिले हसू पचते. दुसरे घशाखाली उतरत नाही.

2020 च्या टाळेबंदीत काही काळ पेपर घरी यायचा बंद झाला. सासूबाई तेव्हा अंथरुणावर होत्या. दुपार झाली की विचारीत, "आजचं चित्र?" माझ्याजवळ जुन्या कात्रणांची वही होती. तीच पुन्हा दाखवी. त्या म्हणत, "हे झालंय." मग मी शेवटची चौकट हाताने झाकी आणि दोघी मिळून नवा शेवट करीत असू. साखरेच्या पुडीची ती विद्या अशी उतारवयात कामाला आली; त्यांच्या नि माझ्याही.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पहिली, मंडळाने एक पेपर लावावा, आणि दर सभेला आधी एक व्यंगचित्र सगळ्यांच्या मध्ये ठेवावे. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनी आधी बोलावे, ज्यांना येते त्यांनी मागून. "मला नाही कळलं," असे म्हणणाऱ्या बाईला कोणी हसू नये, कारण बातमीची वाट तिथूनच सुरू होते.

दुसरी सूचना. पुण्याचे मंगेश तेंडुलकर दिवाळीत नळ स्टॉपच्या चौकात उभे राहून रहदारीचे नियम सांगणारी व्यंगचित्रांची पत्रके वाटीत. 2017 साली ते वारले. आपल्या धबधब्याला पावसाळ्यात शनिवार-रविवारी केवढी गर्दी होते, आणि मागे किती प्लॅस्टिक नि बाटल्या राहतात, ते आपणच उचलतो. "कचरा टाकू नये" हे कोणी वाचत नाही. तिथे आपण एखादे हसरे चित्र लावू या, बिनशब्दांचे. कोणत्याही मुलखाचा माणूस येवो, त्याला कळेल.

माझ्या वहीत अजून कोरी पाने आहेत. ती वही मी आजपासून मंडळाच्या कपाटात ठेवते. ज्या बाईला चित्र आवडेल तिने कापून त्यात डकवावे, आणि डकवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवावे, एवढीच अट आहे.