बांधावरचा पाहुणा : आठ-दहा जणांची मार्गदर्शित सहल
(चामोर्शी परिसरातील शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणावरून)



धानाची मळणी आटोपली की आपल्या भागात हातांना काम उरत नाही. ज्यांच्याकडे बोडी किंवा विहीर आहे ते थोडाफार भाजीपाला घेतात, बाकीचे लाखोळी-जवसावर भागवतात आणि गावातील तरुण जोडपी मिरची तोडायला तेलंगणात जातात. नेमक्या याच दिवसांत, थंडीपासून महाशिवरात्रीपर्यंत, मार्कंडा पाहायला बाहेरची माणसे येतात. गाडीतून उतरतात, दर्शन घेतात, फोटो काढतात आणि तासाभरात परत जातात. गावात त्यांचे काय राहते? नारळाचे आणि चहाचे पैसे. या पाहुण्याला अर्धा दिवस थांबवणे हाही एक जोडधंदा आहे आणि त्याबद्दलच आज मला बोलायचे आहे.

दूरचे एक उदाहरण सांगतो. ग्रीस देशात सँटोरिनी नावाचे बेट आहे. जमीन ज्वालामुखीच्या राखेची, पाऊस कमी, वारा जबर. आपल्या नाशिकचा बागायतदार द्राक्षाची वेल मांडवावर चढवतो, तिथला शेतकरी ती जमिनीवरच टोपलीसारखी गुंडाळून विणतो. घड टोपलीच्या आत राहतात, त्यामुळे वाऱ्याचा मार बसत नाही. या बेटावर मोठ्या जहाजांतून एकेका दिवशी हजारो माणसे उतरतात, त्याच त्या गल्ल्यांतून गर्दी करतात आणि संध्याकाळी जहाजावर परततात. त्यांच्यामुळे बेटाला पाण्याचा आणि कचऱ्याचा ताण होतो. पण आठ-दहा जणांची तुकडी वाटाड्याबरोबर द्राक्षबागेत जाते, वेल कशी विणतात ते पाहते, चव घेते आणि जाताना शेतकऱ्याचा माल विकत नेते. माणसे थोडी, पण पैसा शेतकऱ्याच्या हातात पडतो.

इतके दूर जायला नको असेल तर ताडोबाला जाऊन बघा. तिथे एका जिप्सीत सहा पर्यटक, चालक आणि जवळच्या गावचा गाईड असतो. गाईडजवळ मोठ्या पदव्या नसतात. पायाचा ठसा कोणाचा आणि सांबर का ओरडले, हे त्याला कळते. लोक त्याचेच पैसे देतात.

आता आपल्याकडे दाखवण्यासारखे काय आहे? मार्कंडा तर आहेच. दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा येथे वळसा घेऊन काही अंतर उत्तरेकडे वाहते. काठावरचा मंदिरसमूह सुमारे हजार वर्षांपूर्वीचा. १८७०च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्याची पाहणी करून नोंद केली. लोक त्याला विदर्भाचे खजुराहो म्हणतात. मला हे नाव फारसे आवडत नाही, मार्कंड्याला उसन्या नावाची गरज नाही. मार्कंडेय ऋषींची कथा जरूर सांगा, पण कथा ही कथा म्हणून आणि इतिहास हा इतिहास म्हणून सांगा. विचारलेले माहीत नसेल तर तसे सांगावे. रचून सांगितलेली एक गोष्ट पकडली गेली की पुढच्या दहा खऱ्या गोष्टींवर कोणी विश्वास ठेवत नाही.

पण खरी जागा तुमची बांधी आहे. नागपूर-पुण्याच्या माणसाने भात रोज खाल्लेला असतो, पण पऱ्हे पाहिलेले नसतात. उभ्या धानात, कापणीआधी ओल्या चिखलात लाखोळी फोकतात आणि धान निघाल्यावर तेच दुसरे पीक होते, हे ऐकून तो थक्क होतो. नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्याच शेतातील वेगळ्या लोंब्या निवडून एचएमटी हे वाण तयार केले आणि त्याला मनगटावरच्या घड्याळाचे नाव मिळाले, ही हकीगत तोच भात ताटात वाढताना सांगावी. जुलैत रोवणी, दिवाळीनंतर मंडई आणि झाडीपट्टीचे नाटक, मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचणे. ज्या महिन्यात जे चालू असेल तेच दाखवावे. पाहुण्यासाठी खोटी रोवणी करू नये.

तुकडी दहाच्या वर नेऊ नका. हे मी ठेच खाऊन सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेची चाळीस मुले मी एका शेतावर नेली होती. मागच्यांना ऐकू येईना म्हणून ती बाजूने पुढे आली आणि पऱ्ह्यांची अख्खी पट्टी तुडवली गेली. शेतकरी मला काही बोलला नाही. त्या वर्षी त्याने शेजाऱ्याकडून पऱ्हे मागून रोवणी पुरी केली. मी भरपाई दिली, पण रोवणी मागे पडली ती पडलीच.

हिशेब असा मांडा. समजा आठ पाहुणे आणि माणशी ३०० रुपये, म्हणजे २,४०० रुपये. जेवणाचा खर्च ८००, मदतनिसाला ३००, किरकोळ १००. उरले १,२००. यातून जेवण रांधणाऱ्या घरच्या बाईची मजुरी वेगळी काढा. ती बहुतेक हिशेबांत विसरली जाते. आठवड्यातून एक सहल मिळाली तरी शेती सुटत नाही आणि हातात रोकड येते. तांदूळ, जवस, मोहाचे लाडू विकले गेले तर ते वेगळेच. मात्र शेती सोडून यामागे लागू नका. शेत पडीक पडले तर दाखवणार काय?

काही पथ्ये आहेत. वैनगंगेवर चिचडोह येथे बंधारा झाला आहे. दरवाजे उघडले की पात्रातील पाणी वाढते. चौकशी केल्याशिवाय कोणालाही पात्रात उतरवू नका. चपराळा अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीनेच जा. मंदिर संरक्षित स्मारक आहे, तेव्हा आवारात गाईड म्हणून काम करण्याचे नियम पुरातत्त्व खात्याकडे आधी विचारून घ्या. शेजारच्या गोंड बांधवांच्या घरात, देवस्थानात किंवा कार्यात त्यांनी बोलावल्याशिवाय पाहुणे नेऊ नका आणि फोटो तर विचारूनच. ते तुमचे शेजारी आहेत, देखावा नव्हेत.

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. त्याखालील नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. पीक-फेरपालट, परसबाग किंवा प्रक्रिया यांबाबत गडचिरोलीच्या कृषी विज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांना भेटा.

पहिल्या दोन सहली पैसे न घेता आपल्याच सोयऱ्या-धायऱ्यांच्या काढा. मुलांना कंटाळा कुठे आला, म्हातारी माणसे कुठे दमली, पिण्याचे पाणी कुठे संपले आणि बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे हवे होते, हे त्यांनाच विचारा आणि वहीत लिहून ठेवा.