कामाचा नकाशा कोण काढतो?

(शाखा पदाधिकाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला आज 'सेवेची आखणी' या विषयावर बोलायला सांगितले आहे. नाव ऐकून कुणी बिचकू नये. प्रशासनाच्या बैठकांत 'प्रोसेस मॅपिंग', 'सर्व्हिस डिझाइन' असे शब्द हल्ली कानावर पडतात. त्यांचा साधा अर्थ असा: एखादे काम कोण, कोणत्या क्रमाने आणि किती वेळात करतो याचा नकाशा काढायचा, तो दुरुस्त करायचा आणि मग संगणकप्रणाली, खिडक्या आणि माणसे त्या नकाशाबरहुकूम ठरवायची. म्हणजे जे काम नकाशात नाही, त्याला उद्या माणूसही नाही. आमचे आजचे सगळे म्हणणे या एका वाक्यात आहे.

ही विद्या आपल्याला परकी नाही. प्रत्येक स्टेशनचे स्टेशन वर्किंग रूल हा कामाचा नकाशाच आहे. गाडी घेण्यापूर्वी कोणी काय तपासायचे, कोणी कोणाला प्रायव्हेट नंबर द्यायचा, यंत्र बिघडले तर काय करायचे, हे त्यात लिहिलेले असते. नियम समजल्याची सही केल्याशिवाय स्टेशन मास्तर वा पॉइंट्समन तिथे कामाला उभा राहत नाही. टपालात 2025 पर्यंत वेगळी सेवा असलेल्या नोंदणी पत्राचेही तसेच होते. ते एका हातातून दुसऱ्या हातात गेले की नोंद आणि सही होत असे. जबाबदारी कुठे संपते आणि कुठे सुरू होते, हे त्यात स्पष्ट असे. चांगला नकाशा कामगारालाही वाचवतो.

आता दुसरी बाजू पाहा. जी. लिन शोस्टॅक या अमेरिकन बँक अधिकारी बाईंनी 1984 साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये सेवेचा नकाशा कसा काढावा ते मांडले. उदाहरण घेतले बूट पॉलिशचे! ब्रश मारायला 30 सेकंद, पॉलिश लावायला 30, चमकवायला 45 आणि पैसे घ्यायला 15. एकूण 2 मिनिटे, आणि फार तर 5 मिनिटांपर्यंत गिऱ्हाईक थांबेल. चुकीच्या रंगाचे पॉलिश लागले तर बूट साफ करायचा वेळही त्यांनी धरला. मग एक रेघ ओढली. रेघेच्या वर गिऱ्हाइकाला दिसणारे काम, खाली न दिसणारे, म्हणजे पॉलिश आणि फडकी निवडून विकत आणणे.

साथींनो, ती रेघ नीट लक्षात ठेवा. बाईंनी रेघेखालचे कामही कागदावर आणले होते. आपल्याकडे नकाशा घाईत निघाला की रेघेखालचेच काम आधी गळते.

आरक्षण खिडकीचे घ्या. अर्ज घ्या, माहिती भरा, पैसे घ्या, तिकीट द्या. चार चौकटींत काम संपले! पण लिहिता न येणाऱ्या प्रवाशाचा अर्ज कोणी भरायचा? सवलतीचा दाखला कोणी तपासायचा? छापताना अडकलेल्या तिकिटाचा हिशेब, पाळी संपल्यावर रोकड मिळवणे, हा वेळ कोणाच्या खात्यावर? पोस्टमनचेही तसेच. नकाशात 'वाटप' ही एक चौकट असते. तिच्या आत टपाल बीटप्रमाणे लावणे, अपुरा पत्ता शोधणे, बंद दारावर पुन्हा जाणे, न वाटलेले शेरा मारून परत करणे, हे सारे दडलेले असते.

आम्ही संगणकाच्या विरोधात बोलत नाही. पूर्वी प्रत्येक गाडीची वेगळी वही असे, आणि ज्या खिडकीवर वही त्याच खिडकीवर रांग. 1985 साली नवी दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले. पुढे 1994 साली सिकंदराबादला 'कॉन्सर्ट' प्रणाली आली आणि 1999 पर्यंत देशातली पाचही आरक्षण केंद्रे जोडली गेली. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. लोकांची सोय झाली, ती आपल्याला हवीच आहे.

नकाशात शंकरपाळ्याच्या आकाराची एक चौकट असते. तिथे प्रश्न असतो, आणि 'होय' व 'नाही' असे दोन बाण निघतात. 2017 साली सुरू झालेल्या 'दर्पण' योजनेतून ग्रामीण डाक सेवकांच्या हाती यंत्र आले. प्रश्न असा: 'जोडणी आहे का?' 'होय'चा बाण सर्वांना ठाऊक असतो. 'नाही' असेल तर समोर उभ्या म्हातारीला काय सांगायचे आणि उशीर कोणाच्या नावावर लिहायचा? 'नाही'चा बाण कागदावर नसेल तर तो फिरून कामगाराच्या पाठीत येतो, आणि त्याचे नाव चार्जशीट.

म्हणून आम्ही शाखांना तीन गोष्टी सांगतो.

पहिली, नवी पद्धत लागू होण्याआधी तिचा नकाशा लेखी मागा. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातली बदलाच्या नोटिशीची तरतूद रेल्वे आस्थापना संहितेखालच्या कामगारांना लागू नव्हती. आपली जागा म्हणजे रेल्वेतली पीएनएम आणि 1966 साली सुरू झालेली जेसीएम. तिथे हा विषय टिपणात घाला.

दुसरी, प्रत्येक शंकरपाळ्याला 'नाही'चा बाण आहे का ते तपासा, आणि त्या बाणाच्या टोकाला कोणाचे पद लिहिले आहे ते पाहा.

तिसरी, आपला नकाशा आपण काढा. एक पाळी निवडा. खिडकीवरच्या, गेटवरच्या, सॉर्टिंगच्या साथीला शेजारी बसवून तो खरोखर काय काय करतो ते घड्याळ लावून लिहा. गर्दीच्या दिवशी लिहा, रिकाम्या दुपारी नव्हे. पदे कमी करण्याचा प्रस्ताव आला की घोषणेबरोबर हा कागद टेबलावर ठेवा. अधिकाऱ्याला घोषणेचे उत्तर टाळता येते. वेळ आणि काम लिहिलेल्या कागदाला उत्तर द्यावेच लागते.

काम आपण करतो, तेव्हा त्याचा नकाशा आपल्याला सोडून निघू देता कामा नये. येथून परत गेल्यावर प्रत्येक शाखेने निदान एका कामाचा नकाशा काढावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

कामगार एकजूट झिंदाबाद!