विकलेला वेग, मिळालेला वेग



सोलापूरच्या पूर्व भागात नळाला पाणी आले की काय घडते, हे येथे कोणास सांगावयास नको. घरोघरच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि गल्लीच्या टोकाच्या घरी करंगळीएवढी धार उरते. नळजोड सर्वांना दिलेला असतो. सर्वांना एकाच वेळी पुरेल एवढी वाहिनी मात्र टाकलेली नसते. इंटरनेटचा व्यवहार याच न्यायाने चालतो.

एकच वाहिनी अनेकांस विकणे हा मुळात गुन्हा नव्हे. सारे ग्राहक एकाच क्षणी पूर्ण वेग वापरीत नाहीत, म्हणूनच जोडणी विडी कामगाराच्या आवाक्यात येते. टॉवेल निर्यात करणारा कारखानदार हवी तर स्वतंत्र लीज्ड लाइन घेऊ शकतो. कामगाराला ती परवडणार नाही. प्रश्न आहे तो, किती जणांस विकावे आणि ते कोणी ठरवावे, हा.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००९ साली घरगुती ग्राहकांसाठी एकास पन्नास आणि व्यावसायिकांसाठी एकास तीस असे प्रमाण सुचविले होते. याचा हिशेब मांडून पाहावा. १०० मेगाबिटची जाहिरात वाचून पन्नास घरांनी जोडणी घेतली आणि सर्वांनी एकदम मागणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्यास २ मेगाबिट येतात. ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्यास लागणारा किमान वेग २०२३ पासून नेमका तेवढाच आहे! म्हणजे जाहिरात शंभराची आणि शब्द पाळण्याचे बंधन दोनाचे.

गर्दीच्या वेळी वाहिनीचा वापर ८० टक्क्यांच्या आत असावा आणि ९० टक्क्यांपुढे गेल्यास कोंडी मानावी, असे २००६ च्या नियमांत होते. नियम उत्तमच. परंतु सेवेच्या दर्जाचे आकडे प्रसिद्ध होत आले ते परिमंडळवार, आणि महाराष्ट्र परिमंडळात गोवाही मोडतो. एवढ्या सरासरीत एका गल्लीची संध्याकाळ कोठे दिसावी? यंत्रमागावरून कामगार परततो, मुले अभ्यासास बसतात, तीच वाहिनी तुंबण्याची वेळ. २०२० मध्ये शाळाच मोबाइलवर आल्या तेव्हा या तुंबण्याची किंमत मुलांनी मोजली.

तेव्हा मागणी साधी असावी: एका वाहिनीवर किती ग्राहक आहेत आणि रात्री आठ ते दहा या वेळात किमान वेग किती मिळाला, हे प्रत्येक बिलावर छापले जावे. तोवर ग्राहकांनी आठवडाभर त्या वेळचा वेग नोंदवून तक्रार करावी. दाद न लागल्यास अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. तो प्राधिकारीही कंपनीनेच नेमलेला असतो, हे जाणून जावे.