मेंदूज्वर उतरल्यानंतर
(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानातून)



मेंदूज्वराचा पेशंट वाचला की घरचे पेढे वाटतात. वाटावेतच. उपचार नसतील तर हर्पीसच्या मेंदूज्वरात दहांतले सात जण दगावतात. अ‍ॅसायक्लोव्हिर या औषधामुळे आता बरेच वाचतात. पण घरी आल्यावर सकाळी जेवल्याचं आठवत नाही, आणि जन्मात आवाज न चढवलेला माणूस ताट भिरकावतो. घरचे म्हणतात, "यांचा स्वभावच बदलला." माझं म्हणणं असं, की या रागामागे पुष्कळदा विसरण्यातून आलेली भीती असते, आणि ती कमी करता येते.

हर्पीसचा विषाणू मुख्यतः कानशिलाच्या आतला टेम्पोरल भाग पोखरतो. नव्या आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस आणि भीतीशी निगडित अमिग्डला तिथे शेजारी शेजारी आहेत. कपाळामागचा, रागाला आवर घालणारा भागही अनेकदा त्याच्या तडाख्यात सापडतो.

इंग्लंडमधले संगीततज्ज्ञ क्लाइव्ह वेअरिंग यांना मार्च १९८५मध्ये हाच आजार झाला. आठवण काही सेकंदच टिके. आपण आत्ताच पहिल्यांदा जागे झालो, असं ते डायरीत लिहीत. थोड्या वेळाने ते खोडून पुन्हा तेच लिहीत. पियानो मात्र वाजवता येई, पत्नी डेबोरा ओळखू येई. काही वर्षं रुग्णालयात काढल्यावर १९९२मध्ये त्यांना मेंदूला इजा झालेल्यांच्या एका लहान निवासात हलवलं. माणसं मोजकी, त्यांचा मान राखणारी. गुंगीची बरीचशी औषधं बंद करता आली. आठवण परतली नाही. परिसर बदलला आणि माणूस निवला.

आता आपल्या घरात या. नवरा विचारतो, "मी इथे का?" सहाव्यांदा बायको म्हणते, "अहो, आत्ताच सांगितलं ना!" तिच्या दृष्टीने सहावी वेळ, त्याच्या दृष्टीने पहिली. साध्या प्रश्नावर ही का डाफरली, हे त्याला कळत नाही, आणि तिथेच ठिणगी पडते. उत्तर मोठ्या अक्षरांत लिहून समोर लावा: आजारी होतात, आता घरी आहात, चार वाजता चहा.

पाहुण्यांची परीक्षा बंद करा. "ओळखा पाहू मी कोण?" यावर तो चुकीचं नाव घेतो. मानसशास्त्रज्ञ बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४मध्ये दाखवलं, की अशा पेशंटांच्या मनात चूक रुजते, दुरुस्ती रुजत नाही. म्हणून आधीच सांगा, "मामा, मी तुमचा भाचा."

राग आलाच तर वाद घालू नका. टीव्ही बंद करा, गर्दी हटवा, विषय बदला. नंतर वहीत टिपा: आधी काय झालं, त्याने काय केलं, आपण काय केलं. आठवडाभरात बहुधा दिसतं, की भडका आंघोळीच्या घाईत उडतो किंवा संध्याकाळी थकल्यावर. मग आंघोळीची वेळ बदलायची.

मात्र चिडचिड अचानक वाढली तर डॉक्टरांना गाठा. दुखणं, बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, झटके यांपैकी काहीही असू शकतं. लेव्हेटिरासिटामसारख्या झटक्यांवरच्या गोळीनेही चिडचिड होते. पण ती आपल्या मनाने बंद करू नका. हर्पीसच्या मेंदूज्वरानंतर काही आठवड्यांनी शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटल्याचेही पेशंट असतात, आणि त्यावर वेगळे उपचार आहेत.

शेवटी सांभाळणाऱ्यांविषयी. डेबोरा एका टप्प्यावर घटस्फोट घेऊन अमेरिकेला गेल्या, पुढे परतल्या. त्यांना नावं ठेवण्याआधी आपल्या नात्यातल्या अशा घराला फोन करा आणि सांगा: "रविवारी दुपारी मी बसतो यांच्याजवळ, वहिनी, तुम्ही झोपा." आणि खरंच जा.