पोरीला नाद लागलाय!

(गागोदे बुद्रुक येथे महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



विनोबांच्या जन्मगावात उभं राहून टीव्हीच्या नादावर बोलायचं म्हणजे जरा संकोचच वाटतो. पण बोलते.

गेल्या महिन्यात तुमच्यातल्याच एक वहिनी मला म्हणाल्या, "ताई, पोरीला नाद लागलाय. तुम्ही समजवा." माझ्या काळजात धस्स झालं. मग कळलं, नाद मोबाईलवरच्या मालिकेचा. अवकाशयानं, परके ग्रह, असलं काहीतरी. दहावीतली मुलगी घरचं सगळं आवरून रात्री गोधडीत बघत बसते. मी समजवायला गेले आणि तासभर तिच्याशी त्या मालिकेवरच गप्पा मारून आले. वहिनी रागावल्या. त्यांचा राग रास्त होता.

पण मलाही हाच नाद होता. 1998 साली दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' लागायचं. केतन मेहतांची मालिका, मिलिंद सोमण कॅप्टन. गोष्ट तेविसाव्या शतकातली. तुरुंगातून बारा भयंकर गुन्हेगार पळतात आणि व्योमची तुकडी त्यांच्या मागावर जाते. मी तेव्हा पेणला, प्राथमिक शाळेत. आई गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायची. टीव्ही शेजारच्या घरी. भाऊ पुढे चटईवर बसायचा, मी दाराशी, म्हणजे हाक आली की उठायला बरं. हाक मलाच यायची. दूध बघ, धाकट्याला घे. त्यामुळे मला कितीतरी भाग अर्धेच माहीत. उरलेली गोष्ट मी रात्री मनातल्या मनात पुरी करायचे. माझ्या गोष्टीत कॅप्टन बाई असायची आणि तिला मध्येच कोणी हाक मारत नसे. भावाच्या वेडाला घरात म्हणत, "सायंटिस्ट होणार हा." माझ्या वेडाला म्हणत नाद. (भावाने पुढे दुकान टाकलं.)

एम.एस.डब्ल्यू.ला असताना मी 'स्टार ट्रेक' पाहिली. 1966 साली अमेरिकेत सुरू झालेली मालिका. पहिल्या नमुना भागात यानावर कप्तानाच्या खालोखाल एक बाई होती. मालिका पडद्यावर आली तेव्हा ते पात्रच गायब. 1969च्या शेवटच्या भागात, बाईला कप्तान होऊ देत नाहीत अशी तक्रार करणारी बाई चक्क खलनायिका! तरीही बायकांनी ही मालिका उचलून धरली. 1967 साली दोघीजणींनी तिच्यावर 'स्पॉकनेलिया' नावाचा अंक काढला, आपल्या थोरल्या मैत्रिणी पत्रकं काढायच्या तसा, सायक्लोस्टाईल करून. मालिका बंद पडणार असं कळल्यावर बीजो ट्रिंबल या बाईंनी नवऱ्याला बरोबर घेऊन पत्रांची मोहीम चालवली. हजारो पत्रं गेली. 1968 साली वाहिनीला पडद्यावरच जाहीर करावं लागलं की मालिका चालू राहील. मोर्चा, निवेदन, सह्या हे आपण करतोच. ते एका करमणुकीसाठीही करता येतं, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

त्या यानावर उहुरा नावाची कृष्णवर्णीय अधिकारी होती. ते काम करणाऱ्या निशेल निकोल्स यांनी पुढे 1977 साली नासासाठी फिरून बायकांना अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करायला सांगितलं. 1978च्या तुकडीत सहा बाया निवडल्या गेल्या. लहानपणी हीच मालिका आवडीने पाहणारी मे जेमिसन 1992 साली अंतराळात गेली.

आपली पोर अंतराळात जाईल म्हणून तिला बघू द्या, असं मी म्हणत नाही. गेली नाही तरी बघू द्या. मी त्या मुलीबरोबर बसून तिच्या दिवसाचं घड्याळ काढलं. पाणी, भाकऱ्या, शाळा, भांडी, धाकट्यांचा अभ्यास. तिचा स्वतःचा अर्धा तास कुठे सापडेना. तो रात्री गोधडीतच सापडला. जागरण वाईट, हे वहिनींचं खरं. मग दिवसातला अर्धा तास कोण देणार? आणि तिची भांडी तेवढ्यापुरती तिच्या भावाने घासली तर चालेल ना?

हे मी वहिनींना विचारलं. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यात बाया आहेत का हो?" मी म्हटलं, "आहेत. तुम्हीही या बघायला." तर म्हणाल्या, "आणि भात कोण टाकणार?"

तेव्हा येत्या रविवारी संध्याकाळी सहाला अभ्यासिकेत मुलींबरोबर एक भाग बघू या. भाताचं काय करायचं, ते आता इथेच बसून ठरवू.